पेन्सिलीत भरलेला अर्ज

१२ फेब्रुवारी

माननीय सचिव महोदया,

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस. मेल केली की तुझ्या ऑफिसातून आपोआप उत्तर येतं, आपला संदेश मिळाला, आम्ही आभारी आहोत. म्हणून कागद. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. आणि मराठीत, कारण आपल्या शाळा इंग्लिश मीडियमच्या असल्या तरी भांडणं आपण कायम घरच्या भाषेत केली. ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसू नकोस. तुला तेवढंच सापडेल.

आपल्या शीत-जीवशास्त्रज्ञांच्या संघटनेची नोटीस मिळाली. खाली तुझी सही. बघताक्षणी ओळखली. बाबा कुठल्या तरी कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्रेसर दुरुस्त करायला आठ-आठ दिवस बाहेरगावी असायचे, तेव्हा माझ्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून तूच ही सही ठोकायचीस. तेव्हा बाईंचा शेरा असायचा, 'वर्गात नको तिथे बोलतो'. आताही आरोप तोच आहे, फक्त तुम्ही भाषा भारी केलीय. 'सभासदाने जाहीर व्यासपीठावरून मृत व्यक्तींना गोठवून ठेवण्याच्या प्रकाराबद्दल सहानुभूती दाखवली.'

सहानुभूती कशाने मोजता गं तुम्ही? थर्मामीटर कुठे लावता? नियमात आधी 'भाग घेणे' आणि 'उत्तेजन देणे' एवढंच होतं. 'सहानुभूती' हा शब्द दोन वर्षांपूर्वी घुसला, तू सचिव झाल्यावर. तुझाच असणार. एवढा गुळगुळीत शब्द कार्यकारिणीतल्या त्या म्हाताऱ्यांना सुचणार नाही.

परिषदेत त्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथेच बसली होतीस. पण नोटिशीत इतकं वाकडं लिहिलंय की मी एकदा सरळ लिहून ठेवतो. मी आठ मिनिटं सशाच्या किडनीबद्दल बोललो. बर्फ होऊ न देता, काचेसारखी कडक करून ती कशी ठेवली, परत ऊब दिल्यावर तिच्यातल्या किती पेशी कामाला लागल्या. आठ मिनिटं कुणी जांभईसुद्धा दिली नाही. मग तो मागच्या रांगेतला चेक्सच्या कोटवाला उठला आणि म्हणाला, "म्हणजे आता आजोबांना पण ठेवणार का डब्यात?" सगळा हॉल हसला. मी म्हणालो, "आज नाही जमणार. पण कधीच का जमणार नाही, हे मला अजून कुणी नीट समजावलेलं नाही. आणि जे लोक मेल्यानंतर स्वतःला ठेवायला नाव नोंदवतात, त्यांना मी वेडे म्हणणार नाही."

बस. एवढंच. त्या सत्रापुरती तू अध्यक्षांच्या खुर्चीवर होतीस. तू बेल दाबलीस आणि म्हणालीस, "पुढचा प्रश्न. विज्ञानावरचा."

टाळ्या तुला पडल्या.

१८ मार्चला अकरा वाजता सुनावणी आहे, येतो. आमच्या लॅबचा प्रोजेक्ट संघटनेच्या नावावर चालतो, त्यामुळे मेंबरशिप गेली तर माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं, हे बॉसने सांगून टाकलंय. तुला हे माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. तुला सगळं माहीत असतं.

तुझा (नाइलाजाने)
शेपूट

२६ फेब्रुवारी

ताई,

उत्तर येणार नव्हतंच. तरी पोस्टाची पेटी बघितली रोज. मूर्ख आहे मी.

इथली मजा ऐक. माझ्या टेबलावर कुणीतरी बर्फाच्या माणसाचं चित्र चिकटवलंय, गळ्यात माझं ओळखपत्र काढलंय. द्रव नायट्रोजनच्या मोठ्या टाकीवर चिठ्ठी, 'सासूबाई आत आहेत, उघडू नये'. हे पीएच.डी. झालेले लोक, बरं का. चहाच्या खोलीत मी शिरलो की बोलणं थांबतं आणि बिस्किटं मोजल्यासारखे सगळे डब्यात बघायला लागतात. चष्मिस, जो माझ्यासोबत तीन वर्षं एका टेबलावर काम करतो, ज्याचे निम्मे आलेख मी काढून दिलेत, तो काल म्हणाला, "अरे, पेपरवर आपल्या दोघांची नावं आहेत ना, तर तुझं जरा मागे घेऊया का? म्हणजे तुलाच त्रास नको." मला त्रास नको म्हणून माझं नाव मागे. किती काळजी.

बॉसने बोलावलं. म्हणाले, "वैयक्तिक मत आहे ना? मग ते वैयक्तिकच ठेवायचं. मलाही भरपूर मतं आहेत. कधी कुणाला सांगितलीत?" मी म्हटलं, नाही सर. म्हणाले, "म्हणूनच मी इथे बसलोय." मग उठले, दार लावलं, परत बसले, पेन फिरवलं थोडा वेळ. आणि हळूच, "बरं, ते जाऊ दे. पण समजा, ठेवलं. किती वर्षं टिकेल रे? तुला काय वाटतं?"

ताई, हे सगळे असेच आहेत. या दोन आठवड्यांत मला चार जणांनी एकटं गाठून विचारलंय. एकाने लिफ्टमध्ये, एकाने पार्किंगमध्ये. चेक्सच्या कोटवाल्याने तर फोन केला, दुसऱ्याच्या नंबरवरून. त्याच्या बायकोला काहीतरी झालंय, नीट बोलला नाही. मी सांगितलं जेवढं मला माहीत आहे तेवढं: आज कुणालाही परत आणता येत नाही, उद्याचं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो थापा मारतोय, 'होईल' म्हणणाराही आणि 'होणार नाही' म्हणणाराही. तो म्हणाला, "थँक्यू. माझा फोन आला होता हे कुठे बोलू नकोस." परवा कॉरिडॉरमध्ये भेटला तर भिंतीवरची नोटीस वाचायला लागला. नोटीस जुनी होती, पाणी बंद राहील म्हणून.

दार लावून विचारायचं आणि दार उघडून हसायचं. एवढंच शिकवता का तुम्ही तुमच्या त्या संघटनेत? मला कीव येत नाही, किळस येते.

आई सांगत होती की तिनं तुला फोन केला आणि तू 'मीटिंगमध्ये आहे' म्हणालीस. रविवारी. आईला आता कुठे कुणाचं काही कळतं, असं समजतेस ना तू? तिला सगळं कळतं. ती फक्त पुढे विचारत नाही.

शेपूट

६ मार्च

ताई,

आज बसून वाच. उभ्याने वाचू नकोस.

आईला मागच्या खोलीत पलंग हलवायचा होता म्हणून मी रविवारी बाबांची हत्यारांची लोखंडी पेटी आवरायला घेतली. वर पाने, स्क्रू, गॅसकेट, तो पितळी गेज जो ते मला हात लावू द्यायचे नाहीत. तळाशी कॉम्प्रेसरच्या माहितीपुस्तिकांचा गठ्ठा. त्यात एक जाडजूड पाकीट. वर बाबांच्या अक्षरात, 'ताईला द्यायचं'.

मी उघडलं. उघडणार नाही असं वाटलं होतं का तुला?

आत चौदा वर्षांपूर्वीचा अर्ज. मेल्यानंतर गोठवून ठेवणाऱ्या कंपनीचा. चार पानं, सगळी भरलेली. नाव तुझं. जन्मतारीख तुझी. धंदा: संशोधक विद्यार्थी, शीत-जीवशास्त्र. अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे: बाबांचं नाव, नातं वडील. शेवटच्या पानावर सही, तीच ती, प्रगतिपुस्तकावरची.

मी मोठ्याने हसलो. आई बाहेरून म्हणाली, "काय रे, काय सापडलं?" मी म्हटलं, "काही नाही, उंदीर."

आणि सगळ्यात भारी काय माहितीये? सगळा अर्ज पेन्सिलीत आहे. अगं बावळट. थंडीत शाई सोलून निघते, पेन्सिल टिकते, म्हणून आपण कुप्यांवर पेन्सिलीने लिहितो. पहिल्या दिवसापासून तेच शिकवतात, मलाही तूच शिकवलंस. पण म्हणून कोणी कायदेशीर अर्ज पेन्सिलीत भरतं का? जगात आपल्या धंद्यातलाच माणूस ही चूक करू शकतो. कंपनीने चिठ्ठी जोडून परत पाठवलाय: 'पेन्सिलीत भरलेला अर्ज स्वीकारता येत नाही, कृपया शाईने भरून पाठवावा.' तू हॉस्टेलवर होतीस, पत्ता घरचा दिला होतास, पाकीट बाबांच्या हाती पडलं.

त्यांनी तुला का दिलं नाही याचंही उत्तर त्याच पाकिटात आहे. पेपरमधलं कात्रण. तुला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हाची मुलाखत, फोटोत वेणी आहे तुझी. पत्रकाराने विचारलंय, माणसांना गोठवण्याबद्दल काय वाटतं? तू म्हणतेस, 'शुद्ध थोतांड. कुठलाही गंभीर शास्त्रज्ञ याच्या जवळही जाणार नाही.' कात्रणाची तारीख कंपनीच्या चिठ्ठीनंतर एकवीस दिवसांची आहे. म्हणजे तुला वाटत होतं की अर्ज कंपनीकडे पोचलाय, आणि तरी तू हे बोललीस.

मला सांग, 'जवळही जाणार नाही' म्हणताना घसा कोरडा पडला होता का? की पहिल्या वेळेलाच जमलं?

तू पुढच्या महिन्यात अध्यक्ष होणार. माझी सुनावणी १८ला. हा अर्ज मी पिशवीत घालून आणणार आहे. टेबलावर ठेवायचा की नाही ते अजून ठरवलेलं नाही. तुझ्याकडे बारा दिवस आहेत. फोन अनब्लॉक करायला बारा सेकंद लागतात.

बाबांनी शेवटच्या दिवसांत तुझी आठवण काढली होती, तू तिकडे परिषदेत भाषण देत होतीस तेव्हा. काय म्हणाले ते मी तुला सांगणार नाही. तुझी लायकी नाही.

शेपूट

१९ मार्च

ताई,

फोन आला नाही. छान. तुझा कणा मोडलेला असला तरी हेका शाबूत आहे.

काल तू कोपऱ्यात बसली होतीस. 'नातेवाईक असल्यामुळे सचिव कामकाजात भाग घेणार नाहीत', असं सुरुवातीलाच वाचून दाखवलं. तू भाग घेतला नाहीस, फक्त माझ्या पिशवीकडे बघत राहिलीस. पूर्ण पन्नास मिनिटं. मी पाण्याची बाटली काढायला हात घातला तेव्हा तुझी मान अशी पुढे आली की मला वाटलं आता उठतेस.

त्या तिघांबद्दल लिहायलाच हवं, नाहीतर झोप लागणार नाही. मधला म्हातारा, मावळता अध्यक्ष, ज्याने तीस वर्षांपूर्वी बेडकाच्या अंड्यांवर एक बरं काम केलं आणि तेव्हापासून तेच गरम करून वाढतोय. मोत्यांच्या दोरीचा चष्मा लावणाऱ्या बाई, ज्या प्रत्येक वाक्याआधी 'आम्हाला तुमचं भलंच करायचंय' म्हणत होत्या. आणि तो तिसरा, गोरा गुबगुबीत, जो बोललाच नाही, फक्त माझं नाव चुकीचं लिहून घेत होता.

बाईंनी विचारलं, "तुम्ही स्वतः नाव नोंदवलंय का?"

"नाही."

"नोंदवायचा विचार आहे?"

"विचार करायला पण बंदी आहे का?"

म्हातारा म्हणाला, "हे बघ, तू तरुण आहेस. हुशार आहेस. आम्हाला कळतं की हे तुझं स्वतःचं डोकं नाही. कुणीतरी भरवलंय. तेवढं नाव सांग, एक माफीचं पत्र लिही, आणि जा तुझ्या सशांकडे. कोणाच्या नादी लागलास?"

किती सोपं होतं, ताई. पिशवीची चेन उघडी होती. पाकीट वरच होतं, तुझ्या खुर्चीवरून दिसत असणार. एक कागद सरकवायचा. मेंबरशिप माझी राहिली असती, तुझी गेली असती, अध्यक्षपद गेलं असतं, आणि चेक्सच्या कोटवाल्याने तुझ्याही टेबलावर बर्फाची बाई चिकटवली असती. मी सगळं डोळ्यांपुढे आणून बघितलं. खोटं कशाला बोलू, मजा आली.

मग मी म्हणालो, "वडिलांच्या."

म्हाताऱ्याचे डोळे चमकले. "कुठल्या संस्थेत होते ते?"

"कोल्ड स्टोरेजमध्ये. कॉम्प्रेसर दुरुस्त करायचे."

आणि ते हसले, ताई. आधी गुबगुबीत, मग बाई, मग म्हातारा खोकत खोकत. टाइप करणारी मुलगीसुद्धा. म्हातारा म्हणाला, "मेकॅनिक?" आणि परत हसला, अगदी प्रेमाने, जसं लहान पोराला हसतात. बाबांना. ज्या माणसाने तुझी पहिली नायट्रोजनची टाकी भंगारातून आणून झाकण घासून दिलं होतं, त्याला.

तू हसली नाहीस. तू समोरचा ग्लास तोंडाला लावलास. तो रिकामा होता. तरी तू प्यायलीस.

माफीचं पत्र लिहिलं नाही. निकाल त्यांनी तिथेच दिला, वेळ वाचावा म्हणून. सभासदत्व रद्द. तू इतिवृत्तावर सही केलीस.

पाकीट काढलं नाही म्हणून माझे आभार मानू नकोस. ते तुझ्यासाठी नव्हतं. तुझ्यासाठी मी एक स्टेपलरची पिनसुद्धा उचलणार नाही. ते हसायला लागले तेव्हा तो आवाज मला ओळखीचा वाटला, त्यामुळे हात थांबला. कुठे ऐकलाय ते मला माहीत आहे. तुला सांगायला जमेल असं वाटत नाही.

शेपूट

२ मे

ताई,

नवा पत्ता वर लिहिलाय. नोकरी लागली. हस, परवानगी आहे. गुरांच्या कृत्रिम रेतन केंद्रात. दोन खोल्या, एक लांब शेड, सोळा नायट्रोजनच्या टाक्या, आणि त्यांच्यात बैलांच्या वीर्याच्या हजारो बारीक कांड्या. माझं काम टाक्या भरलेल्या ठेवणं. सकाळी लाकडी पट्टी टाकीत बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची, पांढरं हिम जिथपर्यंत धरलं तिथपर्यंत नायट्रोजन. पट्टी बघून वहीत आकडा लिहायचा. पेन्सिलीने.

इथला डॉक्टर गुरांचा आहे, तोंडाने घाणेरडा, मनाने बरा. पहिल्या दिवशी मला एका टाकीपाशी घेऊन गेला आणि म्हणाला, "याला भेट. आमचा सम्राट. मरून अकरा वर्षं झाली, गेल्या महिन्यात चाळीस वासरं झाली त्याला." मी विचारलं, लोकांना विचित्र नाही वाटत? तो म्हणाला, "कशाबद्दल? दूध चांगलं देतात पोरी त्याच्या." मग मी माझी सगळी गोष्ट सांगितली, संघटना, सुनावणी, सहानुभूती. त्याने सगळं ऐकून घेतलं, नाक शिंकरलं आणि म्हणाला, "एवढे शिकलेले लोक, आणि मेलेल्याची भीती वाटते?"

भीती नाही म्हटलं, लाज. तो म्हणाला, "एकच."

आता जे जमणार नाही म्हणालो होतो ते लिहितो. दोनदा फाडलंय, हा तिसरा कागद.

बाबा हॉस्पिटलमध्ये, शेवटून चौथा दिवस. तू परिषदेला. नळ्या लावलेल्या, पण तोंड चालू होतं, नर्सला एसीचा आवाज का येतोय ते समजावत होते. ती गेल्यावर मला जवळ बोलावलं. म्हणाले, "एक काम कर. ताईला विचार, मला ठेवता येईल का."

मी म्हटलं, कुठे ठेवता येईल?

म्हणाले, "थंडीत. तुमच्या त्या पद्धतीने. म्हणजे उठेनच असं नाही, मला कळतं तेवढं. मशीन बंद पडलं की लगेच भंगारात द्यायचं नसतं रे. कधीकधी पार्ट नंतर मिळतो. तू ताईला विचार. तिला माहितीये."

आणि मी हसलो. तेव्हा मी नुकताच लॅबमध्ये लागलो होतो, नवीन ओळखपत्र गळ्यात होतं, कुठलाही गंभीर शास्त्रज्ञ याच्या जवळ जात नाही हे पाठ केलं होतं. तुझ्याकडूनच. मी म्हणालो, "बाबा, तुम्ही काय बटाटे आहात का?"

तेही हसले. म्हणाले, "हो, खरंच की." मग भिंतीकडे वळले आणि त्यावर परत बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना मशीनवर ठेवलं.

मी तुला विचारलं नाही. निरोप दिलाच नाही. तू आलीस, सगळं उरकलं, तू विचारलंस, "काही म्हणाले का?" मी म्हटलं, "नाही, शांत होते." त्या दिवसापासून तू मला आवडेनाशी झालीस, कारण तू माझ्यावर विश्वास ठेवलास.

'तिला माहितीये' याचा अर्थ मला पेटी उघडल्यावर कळला. त्यांना तुझा अर्ज माहीत होता. अकरा वर्षं त्यांनी तो जपला, तुला लाजवलं नाही, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा त्यांना वाटलं की या घरात एक तरी माणूस आहे जो हसणार नाही. त्यांनी चुकीच्या पोराकडे निरोप दिला.

म्हणून परिषदेत उभं राहून मी जे बोललो ते शौर्य वगैरे नव्हतं. तीन वर्षं उशिरा दिलेलं उत्तर होतं, आणि तेही चुकीच्या माणसाला. तुम्हा सगळ्यांना मी भेकड म्हणतोय दोन महिने. त्या यादीत माझं नाव वरचं आहे. तुझं दुसरं. चेक्सचा कोट तिसरा.

तू त्यांना हो म्हणाली असतीस का? मला नाही माहीत. कदाचित तूही हसली असतीस, जरा जास्त सभ्यपणे. कदाचित काहीच जमलं नसतं, चार दिवसांत कागदपत्रं कुठून होतात. पण विचारायला हवं होतं. एवढाच माझा गुन्हा आहे आणि तो तुमच्या नियमांत कुठे बसत नाही.

पाकीट सोबत पाठवतोय. कंपनीची चिठ्ठी, कात्रण, सगळं. झेरॉक्स काढलेली नाही, तुला खरं वाटणार नाही तरी. वर बाबांनी 'ताईला द्यायचं' लिहिलंय, तर देतोय. त्यांचा एक तरी निरोप माझ्या हातून पोचू दे.

पेन्सिलीत आहे, ताई. चौदा वर्षांनंतरही स्वच्छ आहे, पुसट झालेली नाही. खोडायची असेल तर खोड, पाच मिनिटांचं काम आहे, तुला तर सराव आहे. अध्यक्ष झाल्याबद्दल अभिनंदन. फोटो बघितला. केस का कापलेस?

शेपूट

११ जून

ताई,

आज पाकीट आलं. आत तुझं पत्र असेल म्हणून मी शेडच्या मागे गेलो, डॉक्टर बघायला नको म्हणून. पत्र नव्हतं. अर्धी ओळसुद्धा नाही. बाबांच्या त्याच पाकिटात नुसता अर्ज, चारही पानं. तुझं असंच असतं, लोकांनी समजून घ्यायचं.

आधी मला राग आला. सगळं जसंच्या तसं होतं, पेन्सिलीत. नाव, जन्मतारीख, धंदा, सही. म्हटलं, खोडायची पण हिंमत नाही आणि गिरवायची पण नाही, घाबरट बाई, जबाबदारी परत माझ्याच गळ्यात. शिव्या देत पानं उलटली.

तिसऱ्या पानावर एक जागा खोडलेली आहे. नीट नाही, घाईने, कागद जरा फाटलाय. अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे. बाबांचं नाव गेलंय, दाबून लिहिल्यामुळे नुसता खड्डा राहिलाय, उजेडात तिरकं धरलं की वाचता येतं. त्याच्यावर निळ्या शाईने, पहिल्यांदाच शाईने, माझा नवा पत्ता आहे, केंद्राचा, पिनकोडसकट. नातं: भाऊ. आणि नावाच्या जागी तू 'शेपूट' लिहिलंयस.

खरं नाव लिहायचं असतं तिथे, बावळट. हाही परत येईल.

सही अजून पेन्सिलीतच आहे. ते मी बघितलं, आणि मी काही म्हणणार नाही. अध्यक्षबाईंनी काय ते सावकाश ठरवावं.

अर्ज मी ऑफिसात ठेवला नाही, इथे सगळे कपाटं उघडतात. बाबांची पेटी मी इकडे आणलीय, आईला विचारून. तिच्या तळाशी, कॉम्प्रेसरच्या पुस्तिकांमध्ये, होता तिथेच ठेवलाय. पाकिटावर बाबांचं 'ताईला द्यायचं' आहे, ते मी तसंच राहू दिलंय.

तुझा नंबर लावून बघितला दुपारी. रिंग गेली. तू उचलला नाहीस, पण रिंग गेली. रविवारी परत लावतो. मीटिंगमध्ये असलीस तर बाहेर ये.

शेपूट